उंदराचे भय कोण वाचतो?

४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’ या ब्रिटिश साप्ताहिकात हान्स सेली या एकोणतीस वर्षांच्या संशोधकाचे एक पत्र प्रसिद्ध झाले. पत्र अवघे चौऱ्याहत्तर ओळींचे. सेली मूळचा ऑस्ट्रिया-हंगेरीचा, प्रागच्या जर्मन विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतलेला आणि त्या वेळी कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात स्थिरावू पाहणारा. पत्रातील प्रतिपादन साधे होते. प्रयोगशाळेतील उंदरांना थंडीत ठेवा, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करा, त्यांना अतोनात श्रम करायला लावा अथवा निरनिराळी औषधे अर्धवट विषारी मात्रेत टोचा. इजेचे कारण कोणतेही असो, शरीरात घडणारे बदल सारखेच असतात. अधिवृक्क ग्रंथी सुजतात, थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठराच्या अस्तरावर व्रण पडतात. आज ज्या शब्दाशी सेलीचे नाव कायमचे जोडले गेले आहे तो ‘स्ट्रेस’ हा शब्द मात्र या पत्रात कोठेच नाही.

हा शब्द मागाहून आला, आणि तो आला तोही काहीशा गफलतीने. पदार्थविज्ञानात बाहेरून पडणाऱ्या जोरासाठी एक संज्ञा आहे आणि त्या जोराने वस्तूत होणाऱ्या बदलासाठी दुसरी. इंग्रजीत पहिलीला ‘स्ट्रेस’ म्हणतात, दुसरीला ‘स्ट्रेन’. सेलीला अभिप्रेत होता तो शरीरात होणारा बदल, आणि नाव त्याने उचलले ते बाहेरच्या जोराचे. इंग्रजी ही त्याची मातृभाषा नव्हती, आणि ती अधिक चांगली येत असती तर आपण दुसराच शब्द निवडला असता, अशी कबुली त्याने उतारवयात दिली. तोवर शब्द जगभर गेला होता. १९४६ मध्ये पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये त्याची व्याख्याने झाली तेव्हा या शब्दाला फ्रेंच प्रतिशब्द सापडेना, म्हणून तो तसाच ठेवून त्याला पुल्लिंग बहाल करण्यात आले, अशी हकीगत त्यानेच सांगितली आहे. १९५६ च्या ‘द स्ट्रेस ऑफ लाइफ’ या पुस्तकानंतर तर हा शब्द वैद्यकाच्या हातून निसटून सर्वसामान्यांच्या बोलण्यात गेला. आपण मराठीत ‘ताण’ म्हणतो, ‘तणाव’ म्हणतो. तणावा म्हणजे तंबूची दोरी, हा अर्थ आता फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. दोरीला ताण देणारा कोण आणि ताण सोसणारी कोण, हा भेद निदान त्या प्रतिमेत दडलेला आहे. इंग्रजी शब्दाने तो पुसून टाकला.

येथे एका शब्दाची व्युत्पत्ती सांगायची नाही. पुढील सत्तर-ऐंशी वर्षे हा शब्द प्राण्याच्या शरीरात, मग मेंदूत आणि सरतेशेवटी जनुकात शोधला गेला. त्या शोधाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावा असा आहे. कारण त्यात अर्थ लावण्याचे जे प्रश्न उभे राहिले ते आपल्या ओळखीचे आहेत.

सेलीच्या शोधाची जन्मकथाही नोंदवायला हवी. तो काही नव्या संप्रेरकाच्या मागावर होता. अंडाशयाचा अर्क तो उंदरांना टोचीत असे. अर्क टोचलेल्या उंदरांत वरील तीन बदल दिसले, आणि नवे संप्रेरक हाती लागल्याचा आनंद त्याला झाला. परंतु दुसऱ्याच अवयवांचे अर्क टोचले तरी तेच दिसे. शेवटी साधे फॉर्मालिन टोचले तरी तेच. अर्काचा संबंध नव्हता, टोचण्याचा होता. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की यांनी १९९४ च्या आपल्या लोकप्रिय पुस्तकात या कथेला विनोदी रंग दिला आहे. सेलीचा हात मुळी उंदीर हाताळण्यात बसलेला नव्हता, उंदीर हातून सुटायचे, मग तो झाडू घेऊन त्यांच्या मागे धावायचा, आणि या पळापळीनेच ते आजारी पडायचे, असे ते सांगतात. ही हकीगत कितपत खरी आणि कितपत रंगवलेली, याचा निवाडा करण्याची गरज नाही. प्रयोग करणारा माणूस हाच प्रयोगातील एक कारण ठरतो, ही गोष्ट मात्र तिने नेमकी पकडली आहे. ती पुढे पुन्हा भेटेल.

सेलीच्या आधी हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांनी मांजरांवर काम केले होते. भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठेवलेल्या मांजराच्या रक्तात अधिवृक्क ग्रंथीचा स्राव वाढतो, हे त्यांनी दाखवले आणि १९१५ च्या ग्रंथात ‘लढा किंवा पळा’ या सूत्रात ते बसवले. म्हणजे भीतीचे शरीरशास्त्र कॅनन यांनी लिहिले, दुखापतीचे सेलीने. दोघांच्याही वर्णनात मेंदू मात्र अंधारात होता. थंडी, भीती किंवा जखम यांची वार्ता ग्रंथींपर्यंत नेतो कोण?

१९५५ मध्ये जेफ्री हॅरिस यांनी आपल्या ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर साकल्याने मांडले. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग काही रसायने सोडतो, ती सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून खालच्या पीयूषिका ग्रंथीपर्यंत जातात आणि पीयूषिका पुढच्या ग्रंथींना हुकूम सोडते, अशी ती उपपत्ती. त्याच वर्षी रॉजर गिलमाँ आणि अँड्र्यू शॅली या दोन तरुण संशोधकांनी आपापल्या सहकाऱ्यांसह स्वतंत्रपणे दाखवून दिले की, पीयूषिकेला ताणाची आज्ञा देणारे काहीतरी द्रव्य हायपोथॅलॅमसमध्ये खरोखरच आहे. दोघेही मॉन्ट्रियलमध्ये घडलेले. गिलमाँ तर सेलीच्याच संस्थेतून डॉक्टरेट झालेला. त्या द्रव्याला ‘कॉर्टिकोट्रॉपिन-मोचक घटक’ असे नाव पडले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीआरएफ’, पुढे ‘सीआरएच’. नाव पडले, वस्तू हाती येईना. दोघांनीही तिचा नाद सोडून तुलनेने सोपी द्रव्ये शोधली, एकमेकांशी अटीतटीची स्पर्धा केली आणि १९७७ चे नोबेल पारितोषिक रोझलिन यालो यांच्यासह वाटून घेतले.

याच सुमारास गिलमाँच्या कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लातूर नावाचा फ्रेंच तरुण येऊन बसला होता. तो जीवशास्त्रज्ञ नव्हता. एखाद्या अनोळखी जमातीत मानववंशशास्त्रज्ञाने राहावे तसा तो १९७५ ते १९७७ अशी जवळजवळ दोन वर्षे तेथे राहिला. स्टीव्ह वूलगर यांच्यासह त्याने १९७९ मध्ये लिहिलेले ‘लॅबोरेटरी लाइफ’ हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी समीक्षासिद्धान्ताच्या वाटेने ऐकले असेल. या जमातीचे लोक दिवसभर काय करतात, तर लिहितात आणि वाचतात, असे त्याचे निरीक्षण. एका टोकाने प्राणी आत जातात, यंत्रांतून आलेख आणि आकडे बाहेर पडतात, आकड्यांचे तक्ते होतात, तक्त्यांचे लेख होतात. पुस्तकाच्या उपशीर्षकात वैज्ञानिक तथ्यांची ‘सामाजिक’ घडण असा शब्दप्रयोग होता. १९८६ च्या आवृत्तीत ‘सामाजिक’ हा शब्द गाळण्यात आला. या एका शब्दाच्या गळतीवर स्वतंत्र लेख होईल. आपल्याकडे मात्र बहुधा पहिलीच आवृत्ती मनात धरून ‘विज्ञानही एक कथनच’ असे वाक्य वर्गात फेकले जाते आणि विषय संपतो. पुढचा इतिहास या वाक्याला सहजासहजी मान तुकवीत नाही.

त्याच गिलमाँच्या हाताखाली तयार झालेल्या वायली व्हेल यांनी १९८१ मध्ये सीआरएफची रचना उलगडली. सुमारे ४,९०,००० मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून गाळत गाळत एकेचाळीस अमिनो आम्लांची एक साखळी हाती आली. आता हुकुमांची उतरंड स्पष्ट झाली. धोका जाणवताच हायपोथॅलॅमसमधील काही पेशी सीआरएफ सोडतात, पीयूषिका त्याला प्रतिसाद म्हणून दुसरे संप्रेरक सोडते, आणि काही मिनिटांत अधिवृक्क ग्रंथी रक्तात स्टेरॉइड ओततात. माणसात ते कॉर्टिसॉल असते, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. तेच स्टेरॉइड मेंदूपर्यंत परत जाऊन ‘आता पुरे’ असे सांगते. लवकरच असेही दिसले की, सीआरएफ हे ग्रंथींना धाडलेले फर्मान तर आहेच, शिवाय ते मेंदूच्या आतल्या आत, भीतीशी निगडित भागांतही वापरले जाते. मेंदूत ते थेट टोचले तर प्राणी घाबरल्यासारखा वागतो. सेलीच्या शब्दाला अखेर शरीर मिळाले, असे वाटण्याजोगा हा क्षण होता.

आता उंदराकडे वळू. मराठीत ज्याला आपण सरसकट उंदीर म्हणतो त्यात इंग्रजी दोन प्राणी पाहते. सेलीचे उंदीर थोराड, ‘रॅट’ जातीचे होते. जनुकांच्या युगाने निवडला तो घरातला लहान उंदीर, ‘माउस’. त्याचीही वंशावळ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्समधील ग्रॅनबी येथे अ‍ॅबी लॅथ्रॉप नावाच्या बाई हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळून विकत. हार्वर्डमध्ये शिकलेला क्लॅरेन्स कुक लिटल तिच्याकडून उंदीर घेई. तिच्याकडच्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून त्याने १९२१ मध्ये सख्ख्या भावाबहिणींचे पिढ्यान्‌पिढ्या मीलन घडवीत एक वाण सुरू केला. आज जगभर वापरला जाणारा काळा ‘सी-५७ ब्लॅक’ उंदीर तो हाच, आणि २००२ मध्ये उंदराची जनुकीय संहिता जाहीर झाली तीही त्याच वाणातील एका मादीची. लिटलने १९२९ मध्ये मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. सगळे उंदीर एकमेकांच्या हुबेहूब प्रती असावेत, म्हणजे एका प्रयोगशाळेचे वाचन दुसरीत जसेच्या तसे व्हावे, हे तिचे उद्दिष्ट.

येथे एक आडवळण घेतल्यावाचून राहवत नाही. हाच लिटल १९५४ मध्ये अमेरिकी तंबाखू कंपन्यांनी उभारलेल्या संशोधन समितीचा वैज्ञानिक संचालक झाला आणि धूम्रपानाने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले नाही, असे वर्षानुवर्षे सांगत राहिला. सेलीचेही तसेच. कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खटल्यांमुळे उघड झाल्यानंतर पेटिक्रू आणि ली या दोन अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, सेलीच्या संशोधनाला तंबाखू उद्योगाचा पैसा होता. १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीपुढे, काही माणसांना ताण सोसायला धूम्रपानाची मदतच होते, अशा आशयाची साक्षही त्याने दिली होती. ताणाची संकल्पना घडवणारा आणि ती ज्याच्यावर तपासली गेली तो उंदीर घडवणारा, असे दोघेही एकाच दारात जाऊन उभे राहिले हा निव्वळ योगायोग नव्हे. आजाराचे कारण सिगारेटीत न शोधता माणसाच्या जीवनातील ताणात किंवा त्याच्या अनुवंशात शोधा, असे म्हणणारे विज्ञान त्या उद्योगाला हवेच होते. त्यामुळे सेलीची निरीक्षणे खोटी ठरत नाहीत. मात्र ‘ताण’ हा शब्द इतक्या झपाट्याने सर्वत्र का पसरला, याचे एक उत्तर या कागदपत्रांतही आहे.

१९८० च्या दशकात मार्टिन इव्हान्स, मारिओ कापेकी आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्या कामातून उंदराचे एखादे ठरावीक जनुक निकामी करण्याची युक्ती हाती आली. असे पहिले उंदीर १९८९ मध्ये जन्मले आणि २००७ मध्ये तिघांना नोबेल मिळाले. भ्रूणाच्या मूलपेशीतील हवे ते जनुक मोडायचे, त्या पेशी दुसऱ्या भ्रूणात सोडायच्या आणि पुढच्या पिढ्यांतून ते जनुक दोन्ही प्रतींत नसलेली प्रजा मिळवायची. याला इंग्रजीत ‘नॉकआउट’ म्हणतात. याउलट जादा जनुक घुसवलेले उंदीरही त्याआधीपासून बनत होतेच. जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेची सवय असलेल्याला ही दोन्ही कामे ओळखीची वाटतील. एक प्रक्षेप, दुसरी गळती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा त्यांच्यापुढे असलेला प्रश्न असा की, या ओव्यांतील मूळच्या कोणत्या आणि मागाहून घुसलेल्या कोणत्या. जनुकशास्त्रज्ञ जाणूनबुजून प्रक्षेप करतो, जाणूनबुजून ओवी गाळतो आणि मग उरलेल्या संहितेला काय होते ते पाहतो.

प्रक्षेप आधी झाला. १९९२ मध्ये सीआरएफचे जनुक वाजवीपेक्षा जास्त बोलके असलेला उंदीर तयार झाला. त्याच्या अंगावर चरबी चढली, केस झडले, आणि दोन वर्षांनी तो अधिक भित्रा असल्याचेही नोंदवले गेले. सारे अपेक्षेप्रमाणे.

मग १९९५ मध्ये बॉस्टनमधील लुई मुग्लिया, जोसेफ मजूब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीआरएच मुळातच नसलेला उंदीर तयार केला. सीआरएच नसलेल्या मातेच्या पोटी सीआरएच नसलेली पिल्ले जन्माला आली की ती एका दिवसाच्या आत मरत. त्यांची फुप्फुसे पिकलेलीच नसत. गर्भारपणात मातेच्या पिण्याच्या पाण्यात स्टेरॉइड मिसळले की पिल्ले जगत. म्हणजे ज्याला आपण ताणाचे संप्रेरक म्हणत आलो त्याचे एक मूलभूत काम गर्भाला पहिला श्वास घेण्याजोगा करण्याचे आहे. त्यात भय नाही आणि संकटही नाही. ‘ताण’ हे नाव आपण त्या रेणूला दिले, कारण आपली त्याच्याशी पहिली गाठ तेथे पडली.

जगलेले उंदीर मोठे झाले, त्यांना पिल्लेही झाली. त्यांना हवेसाठी भोके पाडलेल्या अरुंद नळीत कोंडले तेव्हा रक्तातील कॉर्टिकोस्टेरॉन जेमतेम हलले. उतरंडीची पहिलीच पायरी काढून घेतल्यावर दुसरे काय होणार? खरा धक्का बसला तो वागणुकीने. पायाला विजेचा झटका दिला की हे उंदीर इतर उंदरांसारखेच गोठून बसत. अनोळखी जागेत इतरांइतकेच बिचकत. भयाचा शब्द गाळला होता आणि भय जागच्या जागी होते. १९९९ मध्ये याच गटाने दाखवले की, सीआरएच ज्याला जाऊन चिकटते तो पेशीवरचा ग्राही रेणू औषधाने बंद केला तर सीआरएच नसलेल्या उंदरांचेही भय ओसरते. त्या जागी दुसराच कोणीतरी बसत होता. वाक्यातून एक शब्द काढला तर त्याचा अर्थ शेजारच्या शब्दांनी उचलून धरला होता.

मग लक्ष ग्राहीकडे वळले. १९९८ मध्ये म्यूनिक आणि साल्क येथील दोन गटांनी पहिला ग्राही नसलेले उंदीर तयार केले. ते कमी भित्रे निघाले, यावर दोघांचे एकमत झाले. दुसऱ्या ग्राहीची कथा अधिक बोधक आहे. एप्रिल २००० मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’च्या एकाच अंकात तीन निरनिराळ्या गटांचे तीन लेख लागोपाठ छापून आले. तिघांनीही तेच जनुक निकामी केले होते. एका गटाला उंदीर अधिक भित्रे झालेले दिसले. दुसऱ्या गटाला फक्त नर अधिक भित्रे झालेले दिसले. तिसऱ्याला भित्रेपणात काहीच फरक दिसला नाही. आणि तरीही त्यांतल्या दोन गटांनी रक्तदाब तपासला तेव्हा दोघांचेही उत्तर एकच आले: युरोकॉर्टिन हे सीआरएचचे भावंड रक्तात सोडले की एरवी रक्तदाब उतरतो, तो या उंदरांत उतरला नाही.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. रक्तदाबाचा आकडा सर्वत्र सारखा येतो, मेलेल्या पिल्लाची फुप्फुसे कोणाच्या अन्वयार्थाची वाट पाहत नाहीत. आणि ‘उंदीर घाबरला’ हे वाक्य मात्र प्रयोगशाळेगणिक बदलते. ‘सारेच कथन’ म्हणणारा आणि ‘सारेच तथ्य’ म्हणणारा, दोघेही ही दुफळी पाहायला तयार नसतात.

‘उंदीर घाबरला’ हे मुळात वाचतात तरी कसे? १९३४ मध्ये केल्विन हॉल यांनी उंदराला प्रकाशित, मोकळ्या रिंगणात सोडले आणि त्याने किती लेंड्या टाकल्या यावरून त्याची भावनाप्रवणता मोजली. १९८० च्या दशकात अधिक चिन्हाच्या आकाराचा, जमिनीपासून उंचावरचा मार्ग प्रचारात आला. त्याच्या दोन बाहूंना भिंती असतात, दोन उघडे असतात. उघड्या बाहूंवर कमी वेळ काढला तर उंदीर चिंताग्रस्त. १९७७ मध्ये रोजर पोर्सोल्ट यांनी उंदराला पाण्याने भरलेल्या, बाहेर पडता न येणाऱ्या काचेच्या उभट भांड्यात सोडले. काही वेळ तो हातपाय मारतो, मग नुसता तरंगत राहतो. या तरंगण्याला पोर्सोल्ट यांनी ‘निराशा’ म्हटले, आणि नैराश्यावरील शेकडो औषधांची निवड या शब्दावर झाली. २०१६ मध्ये लायडनचे रॉन द क्लूट आणि मार्क मोलेंडाइक यांनी तपशीलवार मांडले की, सुटका नाही हे कळल्यावर शक्ती वाचवून तरंगणे हे शहाणपणाचे वर्तन आहे, आणि ताणाच्या स्टेरॉइडचे काम हे शहाणपण स्मरणात पक्के करण्याचे आहे. तोच उंदीर, तेच पाणी, तेच सेकंद. एका वाचनात तो खचला, दुसऱ्यात तो शिकला. एखाद्या पात्राच्या मौनाचा अर्थ लावताना आपण वर्गात घालतो तो वाद याहून फार निराळा नसतो. आपल्या वादापायी कोणी पाण्यात मात्र पडत नाही.

आणि मेंदू? तीव्र ताणाच्या क्षणी मेंदूत काय घडले हे पाहण्याची एक रूढ पद्धत अशी: प्रसंगानंतर तास-दीड तास थांबायचे. तेवढ्या अवधीत ज्या पेशी चेतवल्या गेल्या त्यांत ‘फॉस’ नावाचे प्रथिन साचते. मग मेंदूचे पातळ काप घेऊन रंजक चढवला की त्या पेशींची केंद्रे काळ्या ठिपक्यांसारखी उमटतात. हायपोथॅलॅमसमध्ये ठिपक्यांचा पुंजका दिसतो, भीतीशी निगडित अमिग्डालात काही दिसतात. हे वाचन नेमके आहे, पुन्हा पुन्हा करता येण्याजोगे आहे, आणि ते एका उंदराचे एकदाच करता येते.

१९९९ मध्येच जॉन क्रॅब, डग्लस वॉलस्टेन आणि ब्रूस डुडेक यांनी ‘सायन्स’मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. उंदरांचे आठ प्रकार, त्यांत एक जनुक गाळलेला. पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी या तीन शहरांतील तीन प्रयोगशाळा. सारख्या चाचण्या, सारखी उपकरणे, सारखे वय, सारख्या वेळा. तरीही काही चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेप्रमाणे बदलले, आणि त्यात भित्रेपणाचीही चाचणी होती. लेखातील एका बारीक तपशिलाने मला बराच वेळ थांबवले. एडमंटनमधील प्रयोगकर्त्याला उंदरांची तीव्र अ‍ॅलर्जी होती, त्यामुळे सर्व चाचण्या त्याने तोंडावर श्वसनयंत्र लावून घेतल्या. हुबेहूब प्रतींच्या लिटलप्रणीत स्वप्नात प्रत वाचणाऱ्याचा चेहरा हिशेबात धरलेला नव्हता. २०१४ मध्ये मॅकगिलमधील, म्हणजे सेलीच्याच जुन्या विद्यापीठातील, जेफ्री मोगिल यांच्या गटाने आणखी पुढचे दाखवले. पुरुष प्रयोगकर्ता नुसता खोलीत असला, किंवा पुरुषाने घातलेला सदरा तेथे ठेवला, तरी उंदरांचे स्टेरॉइड वाढते. पंधरा मिनिटे नळीत कोंडल्यावर वाढावे तितके. स्त्री प्रयोगकर्त्यांच्या बाबतीत तसे होत नाही. झाडू घेऊन धावण्याचीही गरज नव्हती.

याचा अर्थ जनुक गाळण्याचा उद्योग फसला असा नाही. उलट तो अधिक सूक्ष्म झाला. संपूर्ण शरीरातून जनुक काढण्याऐवजी मेंदूच्या ठरावीक पेशींतूनच ते काढण्याची रीत आली. २०११ मध्ये म्यूनिकच्या मॅक्स प्लांक मनोचिकित्सा संस्थेतील डामियान रेफोहो, यान डॉइसिंग आणि सहकाऱ्यांनी तोच पहिला ग्राही अग्रमेंदूतील ग्लुटामेट वापरणाऱ्या पेशींतून काढला तेव्हा उंदीर कमी भित्रे झाले. डोपामाइन वापरणाऱ्या पेशींतून काढला तेव्हा अधिक भित्रे झाले. एकच रेणू, एकच जनुक, आणि आशय परस्परविरुद्ध. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो, हे आपण भर्तृहरीपासून शिकवत आलो आहोत. येथे त्याला अक्षरशः पेशींचे वाक्य मिळाले आहे.

२०१८ चा कॅल्गरीचा प्रयोगही याच ओळीतला. जयदीप बैन्स यांच्या गटाने सीआरएच बनवणाऱ्या पेशी प्रकाशाने बंद-चालू करता येतील असे उंदीर वापरले. जोडीतील एका उंदराला दुसरीकडे नेऊन पायाला विजेचे झटके दिले आणि परत आणून सोडले. सोबती त्याला हुंगतो. थोड्या वेळाने त्या सोबत्याच्या मेंदूतील सीआरएच पेशींतही तोच बदल आढळतो, जो झटके बसलेल्याच्या पेशींत झाला होता. त्या पेशी प्रकाशाने गप्प केल्या की हे संक्रमण थांबते. आणि माद्यांमध्ये तर निवांत सोबतीण मिळाली की झटके बसलेलीच्या पेशींतील बदल निम्म्यावर येतो. नरांत तसे घडत नाही. कॅनन आणि सेली यांचा ताण एकट्या प्राण्याचा होता. हा दोघांमधला आहे.

दरम्यान १९९० च्या दशकापासून औषधकंपन्यांनी पहिल्या ग्राहीला अडवणाऱ्या रेणूंवर मोठी भिस्त ठेवली होती. १९९८ च्या निर्भय उंदरांनी त्या आशेला बळ दिले. प्रत्यक्षात चिंताविकाराच्या रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत २०१० मध्ये पेक्सासरफाँट हे औषध साध्या साखरेच्या गोळीहून सरस ठरले नाही. आघातोत्तर तणावविकारासाठी तपासलेल्या आणखी एका रेणूचे २०१७ मध्ये तेच झाले. त्याच वर्गातील क्रिनेसरफाँट हा रेणू फ्रान्सच्या सानोफी कंपनीने नैराश्यासाठी तपासून बाजूला ठेवला होता. व्हेल यांनी १९९२ मध्ये ज्या न्यूरोक्राइन कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला तिने तो हाती घेतला. अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात विकारात मेंदूकडून आज्ञा अखंड सुटत राहतात आणि बालकांना लहानपणापासून स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा घ्याव्या लागतात. त्या आज्ञांना अटकाव करून मात्रा कमी करता येते, असे दिसून आले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या विकारासाठी, चार वर्षांपासून पुढच्या रुग्णांकरिता, त्याला मान्यता दिली. व्हेल २०१२ मध्येच वारले होते.